स्की-स्थळांची नकाशाचित्रे

बर्फाच्छादित डोंगरउतारांवरून पायांना बांधलेल्या लांबट पट्ट्यांच्या साहाय्याने घसरत जाण्याचा स्की हा खेळ ज्या ठिकाणी चालतो, त्या ठिकाणांची हाताने रंगविलेली विहंगदृश्ये. नकाशा आणि निसर्गचित्र या दोहोंचे कार्य ती एकाच वेळी करतात. डोंगराचा कोणता उतार कोठून सुरू होतो व कोठे संपतो, वर नेणारी यांत्रिक वाहने कोठे आहेत, सोपी व अवघड वाट कोणती, हे परक्या माणसाला एका दृष्टिक्षेपात कळावे, हा त्यांचा मूळ हेतू होय. घडी घालून खिशात ठेवावयाचा आणि हंगाम संपताच टाकून द्यावयाचा कागद, हेच त्यांचे प्रारंभीचे रूप. पुढे मात्र हेच कागद चौकटीत बसवून घराच्या भिंतीवर लावले जाऊ लागले आणि एकविसाव्या शतकात त्यांच्या कलामुद्रितांना स्वतंत्र मागणी निर्माण झाली. उपयुक्त वस्तूचे कलावस्तूत झालेले हे रूपांतर ज्या काळात घडले, त्याच काळात ती हाताने बनविण्याचा व्यवसाय मात्र आक्रसत गेला.

पूर्वपीठिका : उंचावरून पाहिल्याचा आभास निर्माण करून एखादा प्रदेश रेखाटण्याची प्रथा यूरोपात जुनी आहे. याकोपो दे बार्बारी या चित्रकाराने १५०० मध्ये काष्ठठशांवरून छापलेले व्हेनिस शहराचे भव्य दृश्य हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. विमान तर सोडाच, साधा वायुफुगाही नसताना केवळ मोजमापे व कल्पना यांच्या बळावर ते सिद्ध झाले. आल्प्स पर्वताच्या रेखाटनाला अठराव्या शतकात शास्त्रीय वळण लागले. जिनीव्हाचा अभियंता व वैज्ञानिक मिशेली द्यु क्रेस्त (१६९०–१७६६) हा राजकीय कारणांवरून आरबुर्कच्या किल्ल्यात बंदिवासात होता. तेथून दिसणाऱ्या हिमशिखरांची त्याने कोनमापन करून रेखाटलेली शिखररांग १७५५ मध्ये छापली गेली. आल्प्सचे पहिले शास्त्रशुद्ध दिगंतचित्र म्हणून तिचा उल्लेख केला जातो. मार्क-तेओदोर बुरी याने ब्यूए शिखरावरून सभोवार दिसणारे दृश्य वर्तुळाकार पद्धतीने काढले आणि ते सोस्यूर या निसर्गवैज्ञानिकाच्या आल्प्सविषयक ग्रंथात १७७९ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘पॅनोरमा’ हा शब्द त्यानंतरचा. एडिंबरो येथील चित्रकार रॉबर्ट बार्कर याने १७८७ मध्ये वर्तुळाकार भव्य चित्रांच्या मांडणीचे एकस्व मिळविले आणि थोड्याच वर्षांत हा शब्द रूढ झाला.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अनेक लहानमोठ्या गावांची शिलामुद्रित विहंगदृश्ये वर्गणीदारांना विकली जात व ती घरांतून आणि दुकानांतून टांगली जात. आपले गाव, त्यातले आपले घर बोटाने दाखविता यावे, ही त्यांमागील हौस. स्की-नकाशांच्या मुद्रितांमागेही पुढे हीच हौस दिसते.

गरज व उगम : हिवाळी पर्यटन आल्प्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले असले, तरी त्या काळचा स्कीपटू डोंगर स्वतः चढत असे, त्यामुळे ज्या उताराने उतरावयाचे तो त्याला चढतानाच परिचित होई. ही परिस्थिती पालटली ती यांत्रिक वाहनांमुळे. स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे १९३४ मध्ये दोराला धरून वर ओढून नेणारे साधन आले आणि १९३६ मध्ये अमेरिकेतील आयडाहो राज्यात सन व्हॅली येथे टांगत्या खुर्च्यांचे पहिले वाहन सुरू झाले. कधीही न चढलेल्या डोंगराच्या माथ्यावर माणूस काही मिनिटांत जाऊन उभा राहू लागला. त्याला खाली जाण्याची वाट सांगणारे काहीतरी हवे होते. समोच्च रेषांचा नकाशा त्या कामी निरुपयोगी ठरला, कारण तो वाचण्यास अभ्यास लागतो व गारठलेल्या बोटांत धरून वाऱ्यात तो वाचणे तर अधिकच कठीण. छायाचित्रही पुरेसे नव्हते. छायाचित्रात पुढचा सुळका मागचा उतार झाकतो, सावलीतील दरी काळी पडते आणि उन्हातील बर्फ केवळ पांढरा डाग होऊन राहतो. जे छायाचित्रकाराला साधत नाही ते चित्रकाराला साधते, या जाणिवेतून ही कला उभी राहिली.

बेरान व इन्सब्रुकची परंपरा : या कलेला आधुनिक रूप देण्याचे श्रेय ऑस्ट्रियन चित्रकार हाइन्रिख बेरान (१९१५–९९) याला दिले जाते. इन्सब्रुक हे त्याचे कार्यक्षेत्र. ग्रोसग्लॉकनर पर्वतातून जाणाऱ्या नव्या घाटरस्त्याच्या दृश्यचित्रासाठी भरविलेल्या स्पर्धेत १९३४ मध्ये त्याला पहिले पारितोषिक मिळाले आणि येथूनच तो या क्षेत्राकडे वळला. कोर्तिना दाम्पेत्सो (१९५६) व इन्सब्रुक (१९६४) येथील हिवाळी ऑलिंपिक सामन्यांसाठीही त्याने दृश्यनकाशे रंगविले. नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीसाठी त्याने एव्हरेस्ट परिसराचे चित्र केले. ब्रूस हीझेन व मेरी थार्प या भूवैज्ञानिकांच्या संशोधनावर आधारलेले हिंदी महासागराच्या तळाचे त्याचे चित्र १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय उपखंडाच्या दोन्ही अंगांना पाण्याखाली दडलेले डोंगर व दऱ्या सामान्य वाचकाला प्रथम दिसल्या त्या एका स्की-नकाशाकाराच्या कुंचल्यातून, ही गोष्ट लक्षणीय आहे. जगातील सर्व महासागरांच्या तळांचे याच तिघांचे चित्र १९७७ मध्ये पूर्ण झाले. आयुष्याच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेसाठी त्याने नॉर्थ कॅस्केड्स (१९८७), योसेमिटी (१९८९), यलोस्टोन (१९९१) व डेनाली (१९९४) या चार उद्यानांची दृश्ये रंगविली. हाइन्त्स फीलकिंट याने बेरानच्या हाताखाली शिकून इन्सब्रुकमध्ये हीच परंपरा पुढे चालविली.

बेरानच्या चित्रांतील डोंगर खरे वाटतात. पण ते जसेच्या तसे कोठूनही दिसत नाहीत. त्याने यथादर्शनाचे नियम जाणूनबुजून वाकविले. चित्राच्या तळाशी असलेली दरी जणू डोक्यावरून पाहिल्यासारखी पसरट दाखवायची आणि वर जाता जाता दृष्टिकोन हळूहळू कलता करीत क्षितिजापाशी शिखरे समोरून पाहिल्यासारखी उभी करायची, ही त्याची मुख्य युक्ती. त्यामुळे जवळचे रस्ते, गावे व नद्या नकाशासारख्या वाचता येतात आणि दूरचे पर्वत निसर्गचित्रासारखे पाहता येतात. याशिवाय तो उंची वाढवून दाखवी, अरुंद दऱ्या रुंद करी आणि एखादे प्रसिद्ध शिखर पाठमोरे येत असेल तर त्याला चक्क वळवून त्याची ओळखीची बाजू पुढे आणी. नकाशाशास्त्राच्या काटेकोर दृष्टीने ही सर्व लबाडीच होय. परंतु प्रवाशाच्या मनात डोंगराची जी प्रतिमा असते तिच्याशी ही चित्रे जुळतात, म्हणूनच ती त्याला वाट दाखवितात. मोजपट्टी लावून या चित्रांतील अंतरे काढू पाहणारा मात्र फसल्याशिवाय राहणार नाही.

दिशा व प्रकाश यांबाबतही असाच प्रकार आढळतो. उत्तर गोलार्धात उत्तराभिमुख उतारांवर ऊन कमी पडते व बर्फ अधिक टिकतो. त्यामुळे स्कीचे बरेच उतार उत्तरेकडे तोंड करून असतात. ते समोरून दाखवावयाचे तर पाहणाऱ्याने उत्तरेकडे उभे राहून दक्षिणेकडे पाहावे लागते. परिणामी अनेक स्की-नकाशांत दक्षिण दिशा वर येते, आणि नेहमीच्या नकाशांना सरावलेला माणूस क्षणभर गोंधळतो. शिवाय अशा वेळी सूर्य डोंगरामागे असल्याने समोरचे उतार प्रत्यक्षात सावलीत असावयास हवेत. चित्रकार सूर्याला आपल्या सोयीच्या जागी नेऊन बसवितो व बाजूने तिरपा प्रकाश टाकतो, कारण उताराचे चढउतार कळतात ते सावलीनेच.

फ्रान्स व अमेरिका : दुसऱ्या महायुद्धानंतर मध्यमवर्गाच्या हाती सुट्या व पैसा आल्यावर स्की-स्थळांची संख्या झपाट्याने वाढली. फ्रान्समध्ये शासनाने १९६४ पासून उंचावरील नवी स्थळे वसविण्याची मोहीमच हाती घेतली. तेथील बहुतेक मोठ्या स्थळांचे नकाशे प्येअर नोव्हा (१९२८–२००७) या चित्रकाराने गूआश म्हणजे अपारदर्शक जलरंगांत केले व पुढे त्याच्या मुलांनी ते काम चालविले.

अमेरिकेतील प्रवर्तक हॅल शेल्टन (१९१६–२००४) हा मूळचा भूमापन खात्यातील नकाशाकार. आपण मोठ्या कष्टाने तयार केलेले समोच्च रेषांचे नकाशे त्याच भागात राहणाऱ्या माणसांना वाचता येत नाहीत, हे त्याला क्षेत्रकार्याच्या वेळी दिसून आले. जमीन जशी दिसते त्याच रंगांत ती दाखवावी, हा आग्रह त्याने त्यानंतर धरला. डेन्व्हर येथील जेप्सन कंपनीसाठी त्याने जस्ताच्या पत्र्यांवर रंगविलेले नैसर्गिक रंगांचे नकाशे विमानप्रवाशांच्या हाती पोहोचले. त्यांची मूळ चित्रे आता अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत. कोलोरॅडो राज्यातील नव्याने उभ्या राहणाऱ्या स्की-स्थळांसाठीही त्याने चित्रे काढली. त्याच्यानंतर बिल ब्राउन व त्याच्यानंतर जेम्स नीह्यूज (जन्म १९४६) अशी ही परंपरा एका हातातून दुसऱ्या हातात गेली.

यूरोप व अमेरिका यांतील चित्रकारांपुढील प्रश्न मात्र सारखे नव्हते. आल्प्समधील बरेच उतार वृक्षरेषेच्या वर आहेत. तेथे सगळीकडे बर्फच बर्फ असतो व घसरण्याच्या वाटा त्यावर रंगीत रेघांनी आखाव्या लागतात. म्हणून आल्प्सच्या चित्रात कडे, हिमनद्या व आकाश यांना महत्त्व येते. उत्तर अमेरिकेतील वाटा पुष्कळदा दाट सूचिपर्णी अरण्य तोडून काढलेल्या असतात. तेथे वाट रंगवायची नसते, तर झाडे रंगवून वाट कोरी सोडायची असते. चित्रातील सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे न रंगविलेला कागद, असे या चित्रांबाबत म्हणता येईल. त्यामुळे अमेरिकी नकाशाचित्रकाराची खरी परीक्षा झाडांत होते. झाडे फार सारखी काढली तर डोंगर गालिच्यासारखा सपाट दिसतो. प्रत्येक झाडाची सावली बर्फावर नीट पडली तर उतार किती तीव्र, तो कोठे वळतो व कोठे अचानक तुटतो, हे न सांगता कळते.

नीह्यूजची कार्यपद्धती : आलेखकलेच्या व्यवसायात चाळिशी गाठलेल्या नीह्यूजने १९८०–९० या दशकाच्या उत्तरार्धात ब्राउनची भेट घेऊन काम मागितले. ब्राउनला या कामातून बाहेर पडावयाचे होते. त्याने विंटर पार्क येथील मेरी जेन डोंगराच्या मागील बाजूचे एक छोटे चित्र त्याच्याकडे सोपविले. पुढील तीन दशकांत नीह्यूजने अनेक खंडांतील सु. २०० स्की-स्थळे रंगविली. उत्तर अमेरिकेत स्की खेळणाऱ्या कोणाच्याही हातात केव्हा ना केव्हा त्याचे चित्र आलेले असते. पण त्याचे नाव बहुतेकांना ठाऊक नव्हते.

त्याच्या कामाची सुरुवात लहान विमानातून होई. प्रथम शिखराहून बऱ्याच उंचीवरून व मग खाली उतरत तो डोंगराची सर्व बाजूंनी छायाचित्रे घेई. ती समोर मांडून तो पेन्सिलीने कच्चे रेखाटन करी. वेगवेगळ्या बाजूंना तोंड असलेले उतार एकाच चौकटीत आणणे हा त्यातील सर्वांत अवघड टप्पा. एखादी मागची दरी खांद्यावरून डोकावल्यासारखी पुढे ओढावी लागे, आणि ते साधलेच नाही तर मागील बाजूचे वेगळे चित्र कोपऱ्यात बसवावे लागे. रेखाटन स्थळाच्या चालकांना दाखवून मान्य झाले, की ते चित्रफलकावर प्रक्षेपित करून उतरवून घेतले जाई. आकाश व बर्फाचा पाया हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या लेखणीने आणि कडे, खडक व झाडे कुंचल्याने, अशी त्याची रीत होती. मोठ्या स्थळाच्या चित्रास अनेक आठवडे लागत. वाटांची नावे, वाहनांच्या रेषा व काठिण्यदर्शक चिन्हे मूळ चित्रावर कधीच काढली जात नसत. ती छपाईच्या वेळी वरून चढविली जात. वाट बदलली, नवे वाहन आले, तरी मूळ चित्र वाया जाऊ नये, हा त्यामागील व्यावहारिक विचार. घरी लावावयाची मुद्रिते पुढे शक्य झाली ती याच सवयीमुळे, कारण अक्षरांविना स्वच्छ चित्र शिल्लक राहिले होते.

संगणकाचा प्रवेश : १९९० नंतर उंचीची अंकीय माहिती व संगणकीय चित्रण यांच्या साहाय्याने नकाशे करणाऱ्या संस्था पुढे आल्या. त्यांचे काम जलद होते व दुरुस्ती सोपी असते. तथापि संगणक डोंगर जसा आहे तसा दाखवितो आणि अडचण नेमकी येथेच उद्भवते. कारण खरा डोंगर स्वतःचीच अर्धी बाजू झाकतो. कोणता उतार पुढे आणावयाचा, कोणता थोडा फुगवावयाचा, हा निर्णय यंत्राला सांगावा लागतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेतील नकाशाकार टॉम पॅटर्सन याने बेरानच्या पद्धतीचा बारकाईने अभ्यास करून ती संगणकावर कशी आणता येईल, याविषयी २००० मध्ये विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. चित्रकाराच्या ‘चुका’ नियमांत बसवून यंत्राला शिकविण्याचा हा उपक्रम उद्‌बोधक आहे. नीह्यूजने २०२१ मध्ये निवृत्तीचा मनोदय जाहीर करून आपले काम माँटॅना राज्यातील रॅड स्मिथ या चित्रकाराकडे सोपविले. हातकाम व संगणक यांचा मेळ घालणे ही स्मिथची पद्धत आहे. दरम्यान भ्रमणध्वनीवरील नकाशे सर्वत्र झाले आणि अनेक स्की-स्थळांनी कागदी नकाशे छापणे कमी केले.

घरातील मुद्रिते : स्कीविषयक चित्रे घरात लावण्याची आवड नकाशांपासून सुरू झाली नाही. एमिल कार्दिनो या स्विस चित्रकाराचे झेरमाट येथील मॅटरहॉर्न शिखराचे शिलामुद्रित भित्तिपत्रक (१९०८) आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील रेल्वे कंपन्यांची भित्तिपत्रके संग्राहकांना फार पूर्वीपासून प्रिय आहेत. पण भित्तिपत्रक न पाहिलेल्या जागेचे आमंत्रण देते. नकाशाचित्र पाहिलेल्या जागेची आठवण देते. ज्या उतारावर मूल प्रथम उभे राहिले, ज्या वळणावर कोणी पाय मोडून घेतला, ती जागा त्यात बोटाने दाखविता येते. म्हणूनच ही मुद्रिते सर्वांत प्रसिद्ध डोंगराची नव्हे, तर आपल्या नेहमीच्या डोंगराची घेतली जातात आणि आकाराने क्षुल्लक अशा स्थळांनाही मागणी असते.

नीह्यूजच्या चित्रांचा संग्रह ग्रंथरूपाने काढण्यासाठी २०१८ मध्ये लोकांकडून आगाऊ वर्गणी मागविण्यात आली, तेव्हा पाच हजारांहून अधिक वर्गणीदारांनी मिळून सु. ५ लाख ९० हजार डॉलर जमा केले व ग्रंथ २०१९ मध्ये निघाला. टाकाऊ समजल्या गेलेल्या कागदांविषयी लोकांच्या मनात किती जिव्हाळा साठला होता, हे त्यावरून दिसून आले. चित्रकार हयात असताना व त्याची दृष्टी शाबूत असताना ही दाद मिळाली, असे भाग्य उपयोजित कलेतील फार थोड्यांच्या वाट्याला येते.

बाजारात आज मिळणाऱ्या वस्तू मात्र एकाच जातीच्या नाहीत. हाताने रंगविलेले मूळ चित्र. त्यावरून टिकाऊ रंगद्रव्यांच्या शाईने सुती कागदावर काढलेले मुद्रित. त्या त्या हंगामात प्रत्यक्ष वाटला गेलेला घडीचा नकाशा. आणि संगणकावर करून हातकामाचा आभास आणलेले चित्र, या चार वस्तूंत पुष्कळ अंतर आहे. पहिली दुर्मिळ असते. तिसरी स्वस्त कागदावर छापलेली व घड्यांवर झिजलेली असली, तरी इतिहासाच्या दृष्टीने तीच सर्वांत बोलकी, कारण तीवर तारीख, भाडे, जाहिराती व तेव्हाची वाहने असतात. दुसरीत यांतले काहीच नसते. चित्र सुंदर राहते, पण त्याचे साल हरवते. चौथी बहुधा दुसरीच्या नावाने विकली जाते. कोणतेही मुद्रित थेट उन्हात लावल्यास रंग उडतात आणि बर्फातील निळसर छटा गेल्या, की उताराचा उठाव जातो व डोंगर सपाट भासू लागतो.

नोंद म्हणून मूल्य : एकाच स्थळाचे निरनिराळ्या दशकांतील नकाशे शेजारी ठेवले, तर अरण्यात वाटा कशा वाढत गेल्या, वाहने कशी बदलली, पायथ्याचे गाव वाहनतळांनी कसे वेढले गेले, याचा क्रम मिळतो. हवामानबदलामुळे या चित्रांना आणखी एक अर्थ आला आहे. ग्रोसग्लॉकनरच्या पायथ्याची पास्टर्झे ही ऑस्ट्रियातील सर्वांत मोठी हिमनदी बेरानने त्या घाटरस्त्याचे चित्र केले तेव्हाच्या तुलनेत फार मागे हटली आहे. बोलिव्हियातील चाकालताया येथे जगातील सर्वांत उंच समजले जाणारे स्की-स्थळ होते. तेथील हिमनदी २००९ पर्यंत संपूर्ण नाहीशी झाली. चित्रकाराने दऱ्या रुंद केल्या, शिखरे वळविली, सूर्य हलविला हे खरे. परंतु बर्फाची सीमा त्याने बहुधा जेथे होती तेथेच ठेवली, कारण तेथे चूक झाली असती तर पहिल्याच दिवशी कोणी तरी खडकावर जाऊन आदळला असता. बेरानची राष्ट्रीय उद्यानांची चारही दृश्ये अमेरिकेच्या उद्यान सेवेने सर्वांसाठी विनामूल्य खुली केली असून ती कोणालाही छापून घेता येतात. खासगी स्की-स्थळांसाठी झालेल्या चित्रांना मात्र अशी सोय नाही. कंपन्या बंद पडल्या वा विकल्या गेल्या, की मूळ फलक कोठे गेले याचा माग लागणे दुरापास्त होते.